मुक्कामी गाडीतलं एम.ए.

माझा एक शाळासोबती कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका आगारात एसटीचा वाहक आहे. जुलै २०१८ला त्याने इग्नूमध्ये, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात, राज्यशास्त्राच्या एम.ए.ला प्रवेश घेतला आणि जून २०२३च्या परीक्षेत शेवटचा पेपर दिला. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, लागली पाच. मी एका कॉलेजात हाच विषय शिकवतो, त्यामुळे या पाच वर्षांतले बरेचसे फोन माझ्याकडे आले. काही अभ्यासाचे होते, बरेच वैतागाचे. त्याला विचारून, आणि त्याचं नाव, आगार, गाव गाळून, हे प्रकरण लिहून काढतोय.

नोकरी सांभाळून एम.ए. होईल का, असं दर जूनमध्ये कुणीतरी विचारतंच. माझं उत्तर ठरलेलं असायचं: होईल, वेळ काढायला लागेल. या प्रकरणानंतर ते उत्तर मी बंद केलं. कारण या पाच वर्षांत त्याला सगळ्यात जास्त मोकळा वेळ मिळाला ते आठवडे अभ्यासाच्या दृष्टीने सगळ्यात वाईट गेले.

नोकरी आणि हिशोब

बी.ए. त्याने नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून केलेलं, तेही नोकरी लागल्यावर. एम.ए.साठी इग्नू निवडलं त्याचं कारण सरळ होतं. तिथे परीक्षा जून आणि डिसेंबर अशा वर्षातून दोनदा होतात आणि कोणत्या वेळी किती पेपर द्यायचे हे आपलं आपण ठरवायचं. किमान दोन वर्षं, कमाल चार. ज्याची ड्युटी आठवड्याला बदलते त्याला ही मोकळीक सोन्यासारखी वाटणारच. पण मोकळीक म्हणजे उद्यावर ढकलायची सोयही असते. ते त्याला पुढे कळलं.

एसटीची नोकरी बाहेरून आठ तासांची दिसते. पहाटे आगारात जाऊन तिकीट मशीन घ्यायचं, वेबिल म्हणजे फेरीच्या हिशोबाचा कागद घ्यायचा, गाडी लागली की दिवसभर उभ्याने तिकिटं, सुट्ट्या पैशांवरून चार भांडणं, संध्याकाळी परत येऊन हिशोब जुळवायचा आणि भरणा करायचा. दहा रुपये कमी आले तर स्वतःच्या खिशातून. आणि मुक्कामी गाडी असली तर भरणा दुसऱ्या दिवशी. रात्री साडेआठला गाडी शेवटच्या गावी पोचते, चालक-वाहक तिथेच झोपतात, पहाटे सहाला तीच गाडी उलटी फिरते. गगनबावड्याकडच्या डोंगरातली अशी गावं त्याच्या वाट्याला यायची. मुक्काम कुणालाच आवडत नाही. घर नाही, जेवण कुणाच्या तरी ओसरीवर नाहीतर डब्यातलं, पावसाळ्यात गाडीच्या टपावर रात्रभर ताशा वाजतोय.

आता हिशोब. या एम.ए.ला ६४ क्रेडिट लागतात आणि इग्नूच्या मोजणीत एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास. एकूण १,९२० तास. दोन वर्षांत करायचं तर आठवड्याला साडेअठरा तास, चार वर्षांत करायचं तर सव्वानऊ. हा आकडा मी त्याला प्रवेशाच्या वेळीच सांगितला होता. तो म्हणाला, "सव्वानऊ व्हय? आठवड्यात तीन मुक्काम आणि एक सुट्टी. बसतंय की." आणि कागदावर ते खरोखरच बसत होतं.

पहिली आपटी

पहिल्या वर्षाचे चार पेपर, प्रत्येकी आठ क्रेडिटचे. त्यातला राजकीय सिद्धांताचा पेपर आणि भारतातल्या लोकशाहीचा पेपर त्याने जून २०१९ला दिले. लोकशाहीत पास झाला, सिद्धांतात गेला. परीक्षेत ३७ गुण, हवेत ४०. गंमत अशी की गृहपाठात त्याला ६८ होते. गृहपाठाला ३० टक्के वजन, परीक्षेला ७० टक्के. दोन्ही मिळवले तर ४६च्या वर जातात. पण दोन्हींत वेगवेगळे ४० लागतात, आणि हे त्याने माहितीपत्रकात वाचलंच नव्हतं. "बेरीज करून बघितली, पास झालो असं वाटलं, पेढे आणले," हे वाक्य तो अजूनही स्वतःची चेष्टा करत सांगतो.

मी उत्तरांबद्दल खोदून विचारलं तेव्हा दोन गोष्टी निघाल्या. पहिली भाषेची. एम.ए. इंग्रजीत किंवा हिंदीत; याने हिंदी घेतलेली. हिंदी आपल्याला येते असा आपल्या प्रत्येकाचा समज असतो. बोलायला येते, खरं आहे. पण पुस्तकात 'संप्रभुता' येते आणि डोक्यात 'सार्वभौमत्व' असतं. 'वैधता' म्हणजे आपली 'अधिमान्यता' हे कळेपर्यंत धडा संपलेला असतो. 'शिक्षा का अधिकार' असं दिसल्यावर पहिल्या क्षणी त्याच्या मनात तुरुंग आला होता. त्याने मग शंभर पानी वहीत तीन रकाने आखले: हिंदी शब्द, मराठी शब्द, आणि तिसऱ्यात आगारातलं एखादं उदाहरण. 'प्राधिकार' समोर लिहिलं होतं, "कंट्रोलर", म्हणजे आगारातला वाहतूक नियंत्रक. 'शक्ति' समोर, "युनियन". राज्यशास्त्राचा प्राध्यापक म्हणून मला ते दोन शब्द तिथे बघून फार बरं वाटलं. पदाने मिळालेला अधिकार वेगळा आणि प्रत्यक्षातली ताकद वेगळी, माझ्या वर्गातल्या मुलांना हा फरक सांगायला मला एक अख्खा तास लागतो.

दुसरी गोष्ट हाताची. तीन तासांत पाच उत्तरं, प्रत्येक साधारण पाचशे शब्दांचं. म्हणजे एका उत्तराला ३६ मिनिटं. या माणसाचा हात दिवसभर मशीनची बटणं दाबणारा. सलग लिहायची सवय बी.ए.नंतर सुटलेली. पहिलं उत्तर पाऊण तास खाऊन गेलं, चौथं अर्धवट राहिलं, पाचवं चार ओळींत आटोपलं. ज्ञान कमी पडलं म्हणून तो नापास झालेला नव्हता. घरी वाचत होता, आणि परीक्षा लिहिण्याची होती.

पुराचं कारण

ऑगस्ट २०१९ला कोल्हापुरात पूर आला. पंचगंगेने महामार्ग अडवला, शहरातले भाग पाण्याखाली गेले, एसटी बंद. त्याच काळात दुसऱ्या वर्षाची नोंदणी करायची होती, ती राहिली आणि एक वर्ष वाया गेलं. ही गोष्ट तो सगळ्यांना सांगायचा आणि सगळे हळहळायचे. मीही हळहळलो.

पुढे एकदा निवांत बोलताना कळलं की पूर ओसरल्यावरही मुदत थोडी शिल्लक होती आणि नोंदणी ऑनलाइन होती. मग केली का नाही? तर सिद्धांताचा पेपर गेलेला, म्हणून त्याला वाटलं आधी पहिलं वर्ष पूर्ण करायचं, मगच दुसऱ्यात जाता येतं. शाळेत असंच असतं, नववी पास झाल्याशिवाय दहावी नाही. इग्नूत तसं नाही. पहिल्या वर्षाचे पेपर राहिले असले तरी दुसऱ्या वर्षाला नोंदणी करता येते, फक्त वेळेत फी भरायची. हे त्याने कुणालाच विचारलं नाही. मला विचारलं असतं तर एका मिनिटाचं काम होतं. पण नापास झाल्याचं त्याने मला तेव्हा सांगितलेलंच नव्हतं, पेढे खाऊन झाले होते ना.

म्हणजे पुराचं कारण खोटं नव्हतं, पण खरं कारण त्याच्या आड लपलं होतं. नोकरदार माणसाच्या रखडलेल्या पदवीत असं एखादं भारदस्त कारण जवळजवळ प्रत्येक वेळी सापडतं. आजारपण, बदली, लग्नकार्य, निवडणूक ड्युटी. ती कारणं लोकांना पटतात, म्हणून आपल्यालाही पटतात, आणि नियम नीट न वाचल्याची शरम झाकली जाते. मी स्वतः पीएच.डी.च्या वेळी सासऱ्यांच्या आजारपणावर दोन वर्षं खपवली आहेत, त्यामुळे जास्त बोलत नाही.

डिसेंबर २०१९ला पहिल्या वर्षाचे तोवर न दिलेले दोन पेपर निघाले. मग कोरोना, गाड्या बंद. दुसऱ्या वर्षाची नोंदणी त्याने २०२०ला केली. डिसेंबर २०२०ची परीक्षा पुढे जाऊन फेब्रुवारी-मार्च २०२१मध्ये झाली, त्यात सिद्धांताचा पेपर सुटला. चार वर्षांतली पावणेतीन संपली होती आणि निम्मे क्रेडिट हातात होते.

दरड

दुसऱ्या वर्षाला ऐच्छिक पेपर असतात, चार-चार क्रेडिटचे आठ. त्याने निवड कशी केली? यादीतले पहिले आठ, ओळीने. त्यामुळे भारत आणि जग, सामाजिक चळवळी, राज्यांचं राजकारण यांच्याबरोबर लॅटिन अमेरिका आणि आफ्रिकाही पदरात पडली. यावर मी काही बोललो नाही. माझ्याकडची मुलंसुद्धा पर्याय असेच निवडतात.

जुलै २०२१च्या शेवटी पुन्हा पूर. हा मुक्कामी गाडी घेऊन डोंगरातल्या एका वाडीत पोचला आणि रात्रीत खाली रस्त्यावर दरड आली. गाडी तीन रात्री तिथेच. फोनला रेंज नाही, लाइट नाही. चालकाचं वय पंचावन्नच्या पुढचं, आगारात सगळे त्यांना मामा म्हणतात. मामा शाळा सातवीपर्यंत शिकलेले, पण त्यांचं राजकारण पक्कं. जिल्ह्यातल्या कारखान्यांचे पॅनेल त्यांना तोंडपाठ. पहिल्या दिवशी दोघांनी पत्ते खेळले. दुसऱ्या दिवशी पत्त्यांचाही कंटाळा आला, तेव्हा याने पिशवीतून राज्यांच्या राजकारणाचं पुस्तक काढलं. मामा म्हणाले, "मनातल्या मनात काय वाचतोस, मोठ्यानं वाच. मलाबी कळू दे."

पुस्तक हिंदीतलं, मामांना पुस्तकी हिंदी झेपत नाही. म्हणून हा एक पान वाचायचा आणि मराठीत सांगायचा. सांगताना अडला की मामा तिथेच पकडायचे: "म्हणजे काय?" प्रादेशिक पक्ष का वाढले, यावर मामांनी त्याला उलट अर्धा तास ऐकवलं. तीन दिवसांत पुस्तक संपलं. ऑगस्टमध्ये सुरू झालेल्या परीक्षेत त्या पेपरला त्याला आजवरचे सर्वाधिक गुण पडले. आधुनिक भारतीय विचार आणि सामाजिक चळवळी हे दोन पेपरही त्याच खेपेला निघाले. फुले, रानडे, टिळक, आंबेडकर हे मामांना सांगायला सोपे गेले असावेत. निदान मामांची मतं तयार होती.

त्यानंतर ही पद्धतच पडली. मुक्कामाच्या रात्री जेवण झालं की गाडीतला दिवा लावायचा, मामा मागच्या लांब सीटवर आडवे, हा पुढे वही घेऊन. "हां, कालचं फुडं सांग." कधी मामा ऐकता ऐकता घोरायला लागायचे. मग तो लिहायला घ्यायचा.

मी हे सगळं कौतुकाने ऐकलं आणि गंमत म्हणून सोडून दिलं. ही गंमत नसून हाच त्याचा अभ्यास होता, हे संप झाला तेव्हा लक्षात आलं.

संप

ऑक्टोबर २०२१च्या शेवटी एसटी कर्मचाऱ्यांचं आंदोलन सुरू झालं. मागणी राज्य शासनात विलीनीकरणाची. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत राज्यभरातली आगारं बंद पडली. सरकारने नोव्हेंबरअखेर पगारवाढ जाहीर केली, दहा वर्षांपर्यंतच्या सेवेला पाच हजार, वीसपर्यंत चार हजार, त्यापुढे अडीच हजार. पण विलीनीकरण नाही, म्हणून संप चालूच राहिला. शेवटी २२ एप्रिल २०२२पर्यंत कामावर रुजू व्हा असं मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, तेव्हा गाड्या पूर्ण सुरू झाल्या. साडेपाच महिने. संपाची बाजू-दुसरी बाजू हा या लेखाचा विषय नाही. माझ्या मित्राच्या घरात त्याचा अर्थ एवढाच होता की पगार थांबला.

आणि वेळ सुटला. डिसेंबरची परीक्षा पुढे जाऊन मार्च-एप्रिल २०२२मध्ये होणार होती. पाच पेपर राहिले होते. मी त्याला उत्साहाने फोन केला, अरे, एवढा वेळ तुला पुन्हा मिळायचा नाही, पाचही काढून टाक. त्यानेही पाचही पेपरांचा फॉर्म भरला. आज तो फोन आठवला की मला लाज वाटते.

नोव्हेंबर आणि डिसेंबर तो रोज सकाळी आगाराच्या दारातल्या मंडपात जाऊन बसायचा, संध्याकाळी घरी यायचा. ड्युटी नाही, पहाटे उठणं नाही. आठ आठवड्यांत एक धडासुद्धा पुरा झाला नाही. घरी वाचायला बसला की बायको समोर शिलाई मशीनवर. तिच्याकडे ब्लाउजांची कामं वाढली होती, कारण घर आता त्या कामांवरच चाललं होतं. ती काही बोलायची नाही. पण ती मशीन चालवतेय आणि आपण पुस्तक धरून बसलोय, हे त्याला बघवायचं नाही. तो उठून पुन्हा मंडपात जायचा.

जानेवारीत त्याने एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर रात्रपाळी धरली. गळीत हंगाम जोरात होता. उसाच्या ट्रॅक्टरची रांग, एकेक गाडी काट्यावर येते, वजन नोंदवायचं, पावती द्यायची, पुढची. रात्री दोन ते चारमध्ये रांग जरा पातळ व्हायची. त्या दोन तासांत, शेकोटीजवळ, शांतता आणि संघर्ष या पेपरचं पुस्तक त्याने हळूहळू संपवलं. काट्यावरच्या दुसऱ्या कारकुनाला तो थोडं थोडं सांगायचा. तो कारकून मामांइतका चिवट नव्हता, पण ऐकायचा.

मार्च-एप्रिलमध्ये पाचांपैकी दोनच पेपरांना तो बसला. शांततेचा सुटला. लॅटिन अमेरिकेचा गेला. बाकी तिघांना गेलाच नाही.

इथे मी जरा थांबतो, कारण प्रकरणाचा गाभा मला इथे दिसतो. मोकळ्या आठ आठवड्यांत शून्य आणि काट्यावरच्या रात्रपाळीत एक पेपर. हे आळसाने समजावता येत नाही. जो माणूस पगार बंद झाल्यावर रात्रपाळी धरतो तो आळशी नसतो. पैशाची काळजी म्हणावी तर ती दोन्ही वेळी होती. फरक एवढाच की काट्यावर पुन्हा एक ठरलेली जागा होती, ठरलेली वेळ होती, शेजारी एक माणूस होता, आणि मुख्य म्हणजे तिथे तो कमावत होता, त्यामुळे पुस्तक उघडायचा त्याला हक्क वाटत होता. त्याचा अभ्यास नोकरीतून उरलेल्या वेळात होत नव्हता. नोकरीच्या आत, तिच्या एका कोपऱ्यात तो बसवलेला होता. नोकरी बंद पडली तसा तो कोपराही गेला.

अर्ध्यावर अडकलेले लोक "एकदा महिनाभर रजा काढतो आणि उरकतो" असं म्हणतात तेव्हा मला आता भीती वाटते. ज्यांची अभ्यासाची घडी मुळात रजेवर अवलंबून आहे त्यांना ते जमतही असेल. ज्यांची घडी कामावर बसलेली आहे त्यांनी आधी हे बघावं की रजेत ती घडी मोडणार तर नाही.

मुदतीची शेवटची खेप

२०१८चा प्रवेश, चार वर्षं, म्हणजे जून २०२२ची परीक्षा शेवटची. तीही पुढे सरकून २२ जुलैला सुरू होऊन सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत चालली. चार पेपर राहिले होते: भारत आणि जग, लॅटिन अमेरिका, आफ्रिका, पाश्चात्य राजकीय विचार. आणि आगाराच्या बाजूने बघितलं तर हा सगळ्यात वाईट काळ. १० जुलैला आषाढी एकादशी, म्हणजे पंढरपूरच्या जादा गाड्या. ३१ ऑगस्टला गणपती, म्हणजे मुंबईहून कोकणात जाणाऱ्या जादा गाड्यांसाठी राज्यभरातून माणसं. परीक्षा नेमकी या दोन्हींच्या मध्ये.

त्याने तेव्हा जे केलं ते मी इतरांना नेहमी सांगतो. वेळापत्रक हातात येताच त्याने रजेचा अर्ज लिहिला, त्याला वेळापत्रकाची प्रत जोडली, चारही तारखांवर लाल पेनाने खूण केली आणि कंट्रोलरना जाऊन सांगितलं, "साहेब, आषाढीला माझं नाव घाला, पूर्ण यात्रा करतो. एवढे चार दिवस फक्त मला द्या." आषाढीची ड्युटी म्हणजे दिवसरात्र गर्दी, लोक ती टाळायला बघतात. हा स्वतः मागत होता. चारही दिवस मिळाले. रजेसाठी विनवण्या करत फिरला असता तर चार मिळाले नसते असं त्याचं मत आहे आणि माझंही.

दुसरं, त्याने मुक्कामाच्या ड्युट्या वाढवून घेतल्या. लहान मुलं असलेल्या एका वाहकाला मुक्काम नको होता, त्याच्याशी अदलाबदल केली. मे ते ऑगस्ट आठवड्याला चार-चार मुक्काम. बायकोला हे समजावणं सगळ्यात अवघड गेलं. साडेपाच महिने पगार नव्हता, आता पगार आलाय तर नवरा आठवड्यातल्या चार रात्री बाहेर. ती म्हणाली, "अहो, एकदाचं उरका ते. सप्टेंबरनंतर एक मुक्काम घेतलात तर बघा." याला होकारच म्हणायचं.

तिसरं मामांचं. मामांकडे आता नवं काम आलं. दर मुक्कामाला जुन्या प्रश्नपत्रिकेतला एक प्रश्न, उत्तर लिहायला ३६ मिनिटं, फोनवर वेळ लावायची आणि फोन मामांच्या हातात. वेळ झाली की मामा दोरी ओढून एकदा घंटी वाजवायचे. एसटीत एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. आयुष्यभर वाहकाची घंटी ऐकून गाडी थांबवणारा माणूस आता वाहकाला थांबवत होता, आणि त्याचा आनंद मामांना इतका व्हायचा की कधी कधी ते चौतिसाव्या मिनिटालाच घंटी द्यायचे. चार महिन्यांत साठावर उत्तरं झाली. मला त्याने त्यातली वीसेक व्हॉट्सअॅपवर पाठवली. अक्षर वाचताना डोळे दुखायचे, पण मजकूर दर आठवड्याला घट्ट होत गेला होता.

निकाल: भारत आणि जग, लॅटिन अमेरिका, आफ्रिका तिन्ही सुटले. पाश्चात्य विचार गेला. प्लेटो मामांना मुळीच पटला नव्हता. तत्त्वज्ञ राजा म्हणजे निवडणूकच नको, असं कसं, यावर दोघांचे तीन मुक्काम गेले आणि पुढचे विचारवंत तसेच राहिले. मी त्याला तेव्हा सांगितलं होतं की मामांशी वाद घालायचं थांबव, हॉब्सवर जा. ऐकलं नाही.

मुदत संपली होती. राहिलेल्या पेपरपुरते पैसे भरून पुन्हा प्रवेश घेता येतो, तो त्याने घेतला आणि जून २०२३ला एकच पेपर दिला. त्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. एकच पेपर, ठरलेली तारीख, आठवड्याला एकच मुक्काम (वचन पाळलं होतं). सुटला.

खर्च आणि शिल्लक

बारा पेपरांसाठी तो एकूण पंधरा वेळा परीक्षेला बसला. दोन वेळा संपात, तेव्हा रजेचा प्रश्न नव्हता. म्हणजे तेरा रजा. पाच वर्षांत तेरा रजा ही मोठी किंमत नाही. मोठी किंमत वाया गेलेल्या त्या एका वर्षाची, आणि ती माहितीपत्रकाचं एक पान न वाचल्याची.

एकूण गुण ५३ टक्के. कॉलेजात शिकवण्यासाठीच्या नेट परीक्षेला खुल्या प्रवर्गात एम.ए.ला ५५ लागतात आणि तो खुल्यातलाच आहे. शेवटच्या वर्षात "सुटलं म्हणजे झालं" या बेताने अभ्यास केल्याचा हा हिशोब. मी त्याला तेव्हा इशारा द्यायला हवा होता की पुढे शिकवायचं मनात असेल तर चाळिशीतले गुण महागात पडतात. पण मला तरी तेव्हा पदवी पदरात पडते की नाही याचीच धाकधूक होती. तो म्हणतो, शिकवायचं त्याच्या मनात नव्हतंच. खरं असेल. आगारात आता कुणाच्या मुलाला मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरायचा असला की त्याच्याकडे पाठवतात, आणि तो आधी माहितीपत्रक मोठ्याने वाचायला लावतो. तीन रकान्यांची वही एका चालकाची मुलगी घेऊन गेली आहे, तिनेही हिंदी माध्यम घेतलंय. परत यायची चिन्हं नाहीत.

मामा गेल्या वर्षी निवृत्त झाले.

हे सगळं लिहून झाल्यावर मी त्याला फोनवर वाचून दाखवलं. त्याने दोन दुरुस्त्या सांगितल्या. एक, काट्यावरचा कारकून चिवट नव्हता असं लिहू नको, त्या बिचाऱ्याने शेवटच्या आठवड्यात स्वतःच्या पाळीनंतर दोन तास थांबून प्रश्न विचारले होते. दुसरी संपाबद्दल. त्या दोन महिन्यांत एक धडाही वाचला नाही हे बरोबर आहे, म्हणाला, पण पुस्तक रोज पिशवीत घालून मंडपात न्यायचो. रोज. ते पण लिही.

पहिली दुरुस्ती वर केलेली नाही, इथेच नोंदवतो. दुसरीही.